पक्षी उडाला, मग बिघडलं काय?



दिवाळी आटोपते, ऊसतोड सुरू होते आणि त्याच सुमाराला आपल्या भागातल्या तळ्यांवर लांबचे पाहुणे उतरतात. मुरगूडकरांना त्यासाठी लांब जायला नको. सर पिराजीराव तलावासारख्या पाण्याच्या काठी सकाळी थोडं थांबलं, तरी काही दिसतात. शेपूट सारखी खालीवर हलवत चालणारा पांढरा धोबी, चिखलात चोच खुपसणारी तुतारी, डोळ्यावर पांढरी भुवई कोरल्यासारखं दिसणारं भुवई बदक. यातले काही हिमालयातून, काही मध्य आशियातून, तर काही थेट सैबेरियातून येतात. तिकडं बर्फ पडतं, खाणं मिळेनासं होतं, म्हणून ते इकडं येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. धोब्याचं वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम, तुतारीचं साधारण पन्नास. म्हणजे आपल्या हातातल्या लिंबाएवढं. तेवढ्या जिवावर हा प्रवास!

आज बोलायचं आहे ते या पाहुण्यांबद्दल आणि काठावरच्या कुत्र्यांबद्दल.

कुत्रं धावलं, थवा उडाला, कुत्र्याला काही मिळालं नाही. आपण म्हणतो, "उडाला की, मग बिघडलं काय?" मैत्रिणींनो, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? भुकेनं ताटावर बसावं आणि प्रत्येक घासाला कुणीतरी हाक मारावी. दार उघड, पाणी दे, दूध उतू चाललंय. शेवटी जेवण गार होतं आणि पोटही भरत नाही. पक्ष्याचं तसंच होतं. त्यात उडायला ताकद सर्वांत जास्त लागते. म्हणजे प्रत्येक वेळी घास तर जातोच, वर आधी खाल्लेलंही खर्ची पडतं.

कुत्रं जवळ येईपर्यंत तरी कुठं निवांतपणा असतो? ते लांबून दिसलं, की पक्षी खाणं थांबवून मान वर करतो. न उडताही त्याचा वेळ वाया जातो. बदकांचं आणखी वेगळं. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावा घेतात. आपल्याला ती नुसती बसलेली दिसतात, पण ती त्यांची झोपेची वेळ असते.

तुतारी, चिखल्या असे पक्षी पाण्याच्या अगदी कडेला खातात. थंडी सरताना तळ्याचं पाणी आटत जातं, ओला चिखल उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, छोट्या गोगलगायी असतात. हीच पट्टी त्यांचं ताट, आणि कुत्रीही याच पट्टीवरून धावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर पक्ष्यांना परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबी साठवायची असते. ती त्यांची शिदोरी. काही लहान पक्षी निघण्याआधी वजन जवळपास दुप्पट करतात. ती शिदोरी अर्धवट राहिली, तर वाटेत भर घालायला कोण येणार?

आणि पाहुणे गेले तरी प्रश्न संपत नाही. आपली टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, खडे-मातीत अंडी घालते. मोकाट कुत्र्याला ती सहज सापडतात.

आता कुणी म्हणेल, कुत्र्यांनाच हाकला. पण कुत्रं काठावर येतं कशाला? आपण बोलावतो म्हणून. सहलीतलं उरलेलं जेवण, कोंबडी-मटणाची घाण, पिशवीत बांधून टाकलेला शिळा भात, हे सगळं काठावर पडतं. जिथं खाणं, तिथं कुत्रं. मुक्या जिवाला घास घालणं हे पुण्यच आहे, पण तो आपल्या दारात घालावा, तळ्यावर नव्हे. ज्या पाण्यावर गाव अवलंबून आहे, तिथं सडकं अन्न टाकणं आपल्यालाही परवडणारं नाही.

मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही २०२३ च्या केंद्राच्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्याकडं नगरपरिषदेची जबाबदारी आहे. बचत गटाच्या बैठकीत ठराव करून तसा अर्ज देता येतो. नसबंदीनंतर कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असतं. म्हणून काठावरचं खरकटं बंद होणं तितकंच गरजेचं आहे.

हे जमतं का? जमतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कोल ऑइल पॉइंट नावाचा समुद्रकिनारा आहे. तिथं माणसांच्या आणि कुत्र्यांच्या वर्दळीमुळं एका लहान चिखल्या पक्ष्यानं कित्येक वर्षं घरटं केलं नव्हतं. मग किनाऱ्याच्या एका भागाला दोरी लावली, कुत्री पट्ट्यानं बांधून आणायला सांगितलं आणि आसपासचे स्वयंसेवक येणाऱ्यांना समजावत उभे राहिले. तो पक्षी तिथं पुन्हा पिल्लं वाढवू लागला. ना मोठा खर्च, ना कुत्र्यांचा छळ.

आपल्याला करायचं आहे ते एवढंच. ऑक्टोबर ते मार्च पाळीव कुत्रं काठावर न्यायचं, तर पट्ट्यानं बांधून आणि पाण्याच्या कडेपासून लांबून. कारण बांधलेलं कुत्रं दिसलं तरी पक्षी बिचकतात. खरकटं आणि मटणाची घाण घंटागाडीतच टाकायची. आणि पोरं गंमत म्हणून कुत्र्याला "छू" करून थव्यावर सोडत असतील, तर त्यांना रागावण्याआधी जवळ बसवून सांगायचं, की बाळा, हा लिंबाएवढा पक्षी हिमालयापलीकडून आलाय, त्याला जेवू दे.

पाहुणा ताटावर बसला असताना आपण त्याला उठवत नाही. ही रीत आपल्या घरात आहेच, ती तेवढी तळ्याच्या काठापर्यंत नेऊ या.