टिटवाळ्याचा रूळ आणि वऱ्हाडचा कापूस

(टिटवाळा येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी.)



काल तुम्ही अकोला, वर्धा, यवतमाळ, परभणीकडून निघालात. पहाटे कल्याणला उतरलात आणि लोकल धरून इथे टिटवाळ्याला आलात. आल्याबरोबर बहुतेकांनी महागणपतीचे दर्शन घेतले, ते बरे केले. पण देवळाजवळचे तळे किती जणांनी नीट पाहिले? हात फारच थोडे वर आले.

त्या तळ्याची एक गोष्ट इथले लोक सांगतात. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात, म्हणजे 1761 ते 1772 या वर्षांत केव्हातरी, इथे दुष्काळ पडला. प्यायला पाणी राहिले नाही, म्हणून तळ्याचा गाळ काढायला घेतला. त्या गाळात गणपतीची मूर्ती सापडली. पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांचे नाव त्या गोष्टीत येते, माधवरावांचे नाव येते. गाळ ज्यांनी उपसला त्यांचे नाव कुठे येत नाही. दुष्काळ पडला म्हणून तळे उपसले आणि तळे उपसले म्हणून देव सापडला. दुष्काळ आणि उपसा हे आपल्या ओळखीचे भाग. लोकांच्या लक्षात मात्र शेवटचा भाग तेवढा राहिला.

आज आम्ही तुमच्याशी अशाच एका गाळाबद्दल बोलणार आहोत. ज्या रुळांवरून तुम्ही आलात, त्या रुळांखाली तो साठला आहे.

हा रूळ इथे कधी आला? बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, हे शाळेतल्या पोराला पाठ असते. 1854 मध्ये रूळ कल्याणला आला, 1855 मध्ये टिटवाळ्यावरून पुढे वासिंदला गेला, 1861 मध्ये कसाऱ्याला पोचला. थळ घाट फोडून इगतपुरीला जायला 1865 उजाडले. घाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट. त्या कामावर हजारो मजूर खपले, आणि त्यांतले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी मेले. 1867 मध्ये गाडी नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावला फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पुढे अमरावतीलाही फाटा गेला.

आता विचार करा. त्या काळचे खामगाव ते केवढे! तिथे व्हाइसरॉयने कशाला यावे? खामगावला कापसाचा बाजार होता, हे त्याचे उत्तर.

आम्ही हे आमच्या मनचे सांगत नाही. जॉन चॅपमन नावाच्या ज्या गृहस्थाने ही रेल्वे कंपनी उभी करण्यासाठी विलायतेत खटपट केली, त्याने 1851 मध्ये हिंदुस्थानच्या कापसावर आणि व्यापारावर अख्खे पुस्तक लिहिले. गव्हर्नर जनरल डलहौसीने एप्रिल 1853 मध्ये रेल्वेबद्दल जे टिपण लिहिले, त्यात इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस हवा आहे, तो बंदरापर्यंत आणायला रेल्वे हवी, हे कारण उघड मांडले आहे. आणि ती पहिली गाडी धावल्यावर सव्वा महिन्याने, 21 मे 1853 रोजी, निजामाच्या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. एप्रिलमध्ये गाडी आणि मे महिन्यात वऱ्हाड. शाळेत यांतली पहिली तारीख शिकवतात. दुसरी वऱ्हाडातल्या पोरालाही माहीत नसते.

या रेल्वेला पैसा कोणाचा? भांडवल विलायतेतल्या भागधारकांचे. पण त्यावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. नफा कमी पडला तर तूट इथल्या तिजोरीतून भरायची. त्या तिजोरीत सर्वांत मोठा भरणा शेतसाऱ्याचा. म्हणजे कापूस न्यायला गाडी, आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई कापूसवाल्याच्या साऱ्यातून.

रेल्वे येण्याआधी कापूस जात नव्हता का? जात होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे निघत. 1842 मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल कापूस जबलपूरमार्गे कलकत्त्याकडे पाठवला, अशी जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. व्यापार आपल्याला नवा नव्हता. नवे एवढेच झाले की लिव्हरपूलच्या बाजारातला भाव आता थेट आपल्या बांधावर येऊन बसला.

तो कसा बसला, ते 1861 ते 1865 या वर्षांत दिसले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकेच्या कापसावर चालत, तो बंद झाला. आपल्या कापसाचे भाव चढले. वऱ्हाडात पऱ्हाटीचा पेरा वाढला, ज्वारीची आणि चराईची राने मागे हटली. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा सट्टा पेटला. त्या सट्ट्यातले बडे नाव प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले. तो मनोरा आज मुंबईचा वारसा म्हणून जपतात. जपावाच. पण त्या मनोऱ्याच्या पायात वेचणी करणाऱ्या बाईचा ओटा रिकामा झालेला आहे, एवढे कुणीतरी तिथे सांगायला हवे. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या बँका बुडाल्या. थळ घाटातून गाडी सुरू झाली तीही त्याच वर्षी. आपल्यासाठी रस्ता उघडला आणि भाव पडला, दोन्ही एकदमच.

आता आमच्या विषयाकडे येतो. आम्ही कृषी पदवीला होतो तेव्हा आम्हाला शिकवले की हिंदी शेतकरी कापसात भेसळ करी, चांगले वाण सोडून हलके लावी, म्हणून आपल्या कापसाची बाजारात पत गेली. परीक्षेत आम्हीही तेच लिहून आलो आणि गुण मिळवले. पुढे गावोगाव हिंडताना, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना तो धडा उलटा वाचता आला.

वऱ्हाडात बनी नावाचा कापूस होता. धागा तलम आणि लांब, पण पक्व व्हायला उशीर, आणि रुईचा उतारा साधारण चौथा हिस्सा. दुसरा जरी कापूस. धागा जाडाभरडा, पण लवकर येणारा, पीक जास्त, आणि उतारा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा थोडा वरच. आता हिशेब आपणच करू. शंभर किलो बनीतून पंचवीस किलो रुई. शंभर किलो जरीतून तेहतीस. दोघांचे पीक सारखे धरले, तरी बनीच्या रुईला जरीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त भाव मिळाला तर कुठे बरोबरी. तेवढा भाव मिळत होता का? बाजारात सगळा माल एकत्र होऊन विलायतेत ‘उमरा’ या एकाच नावाने विकला जाई. हे उमरा म्हणजे आपली उमरावती, अमरावती. चांगल्या धाग्याचा जादा पैसा शेतकऱ्याच्या हातापर्यंत पोचत नव्हता. मग त्याने जरी लावली. यात अडाणीपणा कुठे आहे? बीए झालेल्या कारकुनालाही यापेक्षा चोख हिशेब जमला नसता.

सरकारने काय केले? मुंबईत 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला. वऱ्हाडात पुढे कापूस कमिशनर नेमला. 1886 मध्ये कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. आपली आजची बाजार समिती त्याच घराण्यातली. पण त्या कायद्याच्या समितीत कोण होते? व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी. पिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती. 1928 च्या शाही कृषी आयोगालाही ही उणीव दाखवावी लागली. मँचेस्टरला स्वच्छ माल रास्त किमतीत मिळावा हा त्या बाजाराचा मूळ हेतू. रास्त कोणाला, हे विचारायला आपला माणूस तिथे नव्हता.

ज्वारीचे काय झाले तेही ऐका. आपल्याकडे पेवे होती. जमिनीत खोल खणलेली, आतून शेणाने लिंपलेली, कडबा अंथरलेली. बऱ्या घरी एक-दोन वर्षांची ज्वारी पेवात असे, म्हणजे एक पावसाळा चुकला तरी चूल विझत नसे. सारा रोखीत, कर्ज रोखीत, म्हणून पेरा रोखीच्या पिकाचा. पेवे रिकामी झाली. मग 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. रूळ होता, गाड्या होत्या, धान्य आणताही येत होते. मजुराच्या आणि कुळाच्या खिशात ते घ्यायला दमडी नव्हती. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाख भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी माणसे कमी झाली, आणि तीही देशातल्या सर्वांत नावाजलेल्या कापसाच्या मुलखात.

कुणी म्हणेल, हे मढे आता उकरून काय उपयोग? इंग्रज गेला, मँचेस्टरच्या गिरण्या गेल्या, मुंबईच्याही गेल्या. भावांनो, 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आपली वेचणी कोणत्या महिन्यात सुरू होते ते तुम्हाला सांगायला नको. गिरण्यांना रास्त किमतीत माल मिळावा, हेच कारण पुन्हा पुढे आले. ज्याला 1886 चे कारंजे माहीत आहे, त्याला 2025 चा हा निर्णय समजायला वेळ लागत नाही. ज्याला माहीत नाही, तो आपल्याच नशिबाला बोल लावतो, किंवा जास्त वाईट, आपल्याच अकलेला.

आम्ही इतिहास सांगतो तो एवढ्यासाठी. शंभर-दीडशे वर्षे शेतकऱ्याला सांगितले गेले की तू अडाणी म्हणून तू गरीब. हे ऐकून ऐकून आपल्या पोरांनाही ते खरे वाटू लागले. बनी आणि जरीचा हिशेब एकदा त्या पोरासमोर मांडा. आपला पणजा मूर्ख नव्हता, हे कळलेला पोरगा बाजार समितीत मान वर करून उभा राहतो.

तेव्हा इथून जाताना प्रत्येकाने तीन कामे घेऊन जायची. पहिले, गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांना विचारायचे, माहेरी-सासरी कापसाचे आणि ज्वारीचे कोणते वाण पेरत, त्यांची नावे काय, हुरड्याची कोणती, भाकरीची कोणती, कडब्याची कोणती. बायांनाच विचारा, बियाणे त्या राखत. दुसरे, गावात पेवे कुठे होती, तळे कुठे होते, शेवटचा गाळ कोणत्या साली आणि कोणी काढला, हे लिहायचे. गाळ काढणाऱ्यांची नावे मिळाली तर तीही लिहायची. तिसरे, घरात ट्रंकेत, माळ्यावर जुन्या हिशेबपट्ट्या असतील, त्या शोधायच्या. कापूस किती, भाव काय, अडत किती, कट्टी किती, हमाली किती, हाती काय आले. पन्नास वर्षांपूर्वीची एक पट्टी दहा भाषणांच्या तोडीची असते. मूळ कागद घरातच ठेवा, नक्कल करून आणा.

हे सगळे पुढच्या जिल्हा बैठकीत वाचायचे आहे. तुमच्याकडून आले तरच ते लिहून राहील. मुंबईतून कुणी येऊन लिहील ही वाट आपण पुष्कळ पाहिली.

संध्याकाळी कल्याणला परतायला निघाल तेव्हा थोडे लवकर निघा आणि तळ्यावरून चला. पाणी बघा, काठ बघा. मग स्टेशनावर या.