लहान मुलांसह शहरातील एक दिवस
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



काही महिन्यांपूर्वी मी आपल्या भागातील एका शाळेत तपासणीसाठी गेलो होतो. तिसरीच्या वर्गात ‘आमचे गाव आणि शहर’ या विषयावर गोष्टी चालल्या होत्या. मी मुलांना विचारले, “शहरात काय असते?” कोणी मोटारी म्हणाले, कोणी दिवे म्हणाले. मागच्या ओळीतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “विटा असतात.” मुले हसली, परंतु गुरुजी हसले नाहीत. तो मुलगा दोन वर्षे आईबापांबरोबर भिवंडीकडील वीटभट्टीवर राहून आलेला होता. त्याचे उत्तर चूक नव्हते. त्याने जे शहर पाहिले होते तेच त्याने सांगितले.

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण, नाशिक या बाजूंस कामासाठी जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. म्हणजे आमच्या मुलांना शहर अपरिचित आहे असे नव्हे. त्यांना शहराची ओळख आहे, पण ती मजुराच्या मुलाची ओळख आहे. हेच मूल आईवडिलांचा हात धरून एक दिवस पाहुणा म्हणून शहरात गेले आहे, असे मात्र क्वचितच घडते. असा एक दिवस कसा आखावा, आणि त्यात पालकांस शाळेने कोणते साहाय्य करावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. शाळेची सहल हा निराळा विषय आहे. आईबापांबरोबर घालविलेल्या दिवसाची सर सहलीस येत नाही.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या दोन मुलांना मुंबई दाखवावयास नेले. आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मी शिक्षक, तेव्हा वहीत सात स्थळांची यादी करून निघालो होतो. दुपारपर्यंत चार स्थळे ‘उरकली’. मुले काय पाहत आहेत याकडे माझे लक्ष नव्हते; माझे लक्ष घड्याळाकडे होते. परतताना एका स्थानकाच्या गर्दीत मुलीचा हात सुटला. दहा मिनिटे ती सापडली नाही. त्या दहा मिनिटांत माझी काय अवस्था झाली ते पालक असलेल्या कोणासही सांगावयास नको. अखेर एका फुले विकणाऱ्या बाईंजवळ ती बसलेली आढळली. त्या बाई म्हणाल्या, “नाव विचारलं तर ‘बाबी’ म्हणते. बापाचं नाव विचारलं तर ‘बाबा’ म्हणते. गाव विचारलं तर ‘आमचं घर’ म्हणते. मी कोणाला शोधू?” शिक्षकाच्या मुलीस आपले नाव आणि गाव सांगता येत नव्हते! आज माझी मुलगी मोठी झाली आहे. त्या दिवसातील एकही प्रसिद्ध इमारत तिला आठवत नाही. त्या बाईंनी तिच्या हातात ठेवलेले शेवंतीचे फूल मात्र आठवते.

यावरून मी दोन गोष्टी शिकलो. दिवसाची आखणी कुटुंबातील सर्वांत लहान मुलाच्या पायांच्या मापाने करावी, ही पहिली. आणि तयारीचा आरंभ घर सोडण्याच्या सकाळी नव्हे, तर पंधरा दिवस अगोदर करावा, ही दुसरी.

आता शहराची निवड. मुंबईचे नाव मोठे म्हणून मुंबईच पाहिली पाहिजे असे नाही. कुटुंबात अगदी लहान मूल असेल, तर मोखाड्याच्या लोकांस त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक जवळ आहे. गोदावरीचा घाट, पाण्यात पाय सोडून बसणे, बाजारातील भांड्यांची गल्ली एवढ्याने त्या वयाच्या मुलाचा दिवस भरून जातो. मुले सहा-सात वर्षांची झाली म्हणजे मुंबईचा विचार करावा. आणि मुंबईतही एकच स्थळ निवडावे. माझी शिफारस भायखळ्याच्या राणीबागेची आहे.

त्याची कारणे देतो. खोडाळ्याच्या बाजूचे लोक कसारा स्थानक गाठतात. तेथून मिळणारी लोकल गाडी सुमारे अडीच तासांत थेट भायखळ्यास पोचविते. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. पालघरमार्गे जाणाऱ्यांस दादरला गाडी बदलावी लागते, आणि लहान मुलांसह दादरचा पूल चढणे हे सोपे काम नव्हे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेस उतरले की बाग चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. ही बाग १८६२ सालापासून लोकांसाठी खुली आहे. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तेथे प्राणी आहेत, जुने वृक्ष आहेत, बसावयास सावली आहे. बाग बुधवारी बंद असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. रविवारी गर्दी फार, आणि दुरुस्तीच्या कामासाठी लोकल गाड्याही पुष्कळदा कमी असतात. म्हणून दिवाळीच्या सुटीतील एखादा साधा वार उत्तम.

खर्चाचा विचार आपल्या पालकांना प्रथम करावा लागतो. तो आपणही करावा. पाच वर्षांखालील मुलास एस.टी.त व लोकल गाडीत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट पडते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चा प्रवास अर्ध्या भाड्यात करता येतो. ही माहिती पालकसभेत स्पष्ट सांगावी. शिदोरी घरची न्यावी. भाकरी, चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याच्या दोन बाटल्या पुरेत. घाटात मूल ओकते, म्हणून निघताना पोटभर खाऊ घालू नये. कपड्यांचा एक जोड पिशवीत असावा. मुलाच्या हातात दहा रुपये द्यावेत आणि त्याचे काय घ्यावयाचे ते त्यास ठरवू द्यावे. दिवसभर “हे नको, ते नको” म्हणण्यापेक्षा हे बरे.

वेळेसंबंधी इतकेच सांगतो, की सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी पाच ते नऊ या वेळांत मुंबईच्या गाडीत लहान मूल घेऊन चढू नये. पहाटेच्या गाडीने जावे आणि दुपारी साडेतीनच्या आत परतीस लागावे. दुपारी जेवणानंतर झाडाखाली तासभर निवांत बसावे. मूल झोपले तर झोपू द्यावे. तो तास वाया गेला असे पालकांनी समजू नये.

आता माझ्या मुलीच्या प्रसंगातून निघालेले काम. हे शाळेचे काम आहे. पहिलीच्या वर्गातील प्रत्येक मुलास स्वतःचे संपूर्ण नाव, आईचे व वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा न अडखळता सांगता आला पाहिजे. आपली मुले घरी वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा बोली बोलतात. अनोळखी माणसाने प्रमाण मराठीत किंवा हिंदीत विचारले तर ती बावरतात. म्हणून शाळेत हा खेळ खेळावा: एक मूल पोलीस होईल, एक हरवलेले मूल होईल, एक फुले विकणारी होईल. “हरवलो तर धावायचे नाही, आहे तेथेच थांबायचे”, हा नियम मुलांच्या अंगी बाणला पाहिजे. वडिलांचा दूरध्वनी क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिशात शिवून द्यावा. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि रेल्वेतील साहाय्यासाठी १३९ हे क्रमांक पालकांना पाठ करून द्यावेत. जी कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांना तर याची गरज अधिकच आहे.

बागेत काय पाहावे? मुलास विचारावे. पक्ष्यांपुढे ते अर्धा तास थांबले तर थांबू द्यावे. २०१६ साली आणलेले पेंग्विन पाहावयास गर्दी होते. रांग लांब असेल तर सोडून द्यावे. एक वस्तू मात्र आवर्जून दाखवावी, ती म्हणजे तेथील दगडी हत्ती. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा असे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जुळवून तो या बागेत उभा करण्यात आला. मोडलेली वस्तू माणसांनी पुन्हा जोडली, ही गोष्ट लहान मुलांना फार आवडते. ते सांधे शोधू लागतात.

आणि आणखी एक. दिवसात केव्हा तरी मुलास मुंबईच्या नळाखाली हात धरावयास सांगावे. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा वैतरणेच्या खोऱ्यातून जातो. १९५७ सालचे मोडकसागर, त्याच्या वरच्या अंगास आपल्या मोखाड्यातील कोचाळ्याजवळ बांधलेले मध्य वैतरणा धरण ही नावे मुलांनी ऐकलेली असतात; कोणी धरणाची भिंतही पाहिलेली असते. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या आईने त्या नळापाशी आपल्या मुलास सांगावे, “हे आपल्या नदीचं पाणी आहे.” मग त्या शहरात ते मूल अंग चोरून चालणार नाही, असे मला वाटते.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाचा दिवस त्याच्या हातचा असतो काय? आक्षेप खरा आहे. एक दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे मी जाणतो. म्हणून सर्व पालकांनी मुंबईस जावे असा आग्रह मी धरीत नाही. ज्याला जमेल त्याने एक वर्ष आधीपासून थोडे थोडे बाजूस टाकावे. ज्याला जमणार नाही, त्याने भट्टीवर असताना बाजाराच्या दिवशी मुलाचा हात धरून तासभर शहरात निव्वळ पाहण्यासाठी फिरावे. काही विकत न घेता. तेही जमले नाही, तर जव्हारच्या बाजारात तसे फिरावे. दिवसाचे महत्त्व अंतरावर नाही. त्या वेळी बाप मुकादमाचा मजूर नसतो आणि मूल धाकट्या भावंडाचे राखणदार नसते, यावर आहे.

दिवस संपल्यावर त्याचे काय करावे? निबंध लिहून घेऊ नये. ‘खूप मजा आली’ या वाक्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. मुलास त्याच्या बोलीत बोलू द्यावे, जमिनीवर खडूने चित्र काढू द्यावे, आणि आईवडिलांनाही शाळेत बोलावून त्यांच्याकडून तो दिवस ऐकावा. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात मूल जेथे आहे तेथे शाळा नेण्याचा विचार होता. मुले गुरे राखीत होती, म्हणून शाळा कुरणात गेली. आमची मुले वर्षातील काही महिने शहराच्या कडेला असतात. शाळेला तेथवर जाता आले नाही, तरी शाळेने शिकविलेले दोन शब्द आणि एक क्रमांक त्यांच्याबरोबर जाऊ शकतो.

दिवाळीपूर्वीच्या पालकसभेत प्रत्येक शाळेने पंधरा मिनिटे या विषयास द्यावीत, एवढी विनंती करतो. आणि पुढच्या वर्षी मी त्या तिसरीच्या, म्हणजे तेव्हाच्या चौथीच्या वर्गात जाईन, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. विटा तेथे असतीलच. त्यांच्याबरोबर एखादा हत्तीही असावा, एवढीच इच्छा आहे.