रिकामा फोल्डर उघडून बघा

हा झगा कधी एकदा उतरवतो असं ज्यांना झालंय, त्या सगळ्या विद्यार्थ्यांचं अभिनंदन. कष्ट तुम्ही केलेत, त्याचं कौतुक तुमचे आईवडील माझ्यापेक्षा चांगलं करतील.

मी मुळशीत आलो की मला ताम्हिणीच्या अलीकडची एक देवराई आठवते. खूप वर्षांपूर्वी तिथं आम्ही प्राण्यांचे फोटो आपोआप टिपणारे दोन कॅमेरे झाडांना बांधले होते, गुडघ्याएवढ्या उंचीवर. या कॅमेऱ्याला प्राणी कळत नाही, हलणारी उष्णता कळते. त्यामुळं उन्हात तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी क्लिक! महिनाभरानं कार्ड काढलं तर हजारो फोटो, आणि बहुतेक गवताचे. ते मी एकट्यानं बघितले. रिकामा असेल तर एक बटण, प्राणी असेल तर दुसरं. दोन-तीन तासांनी डोळे मिटले तरी बोट रिकाम्याचंच बटण दाबत होतं.

पुढं अहवाल गेला. त्यात भेकर, रानडुक्कर, साळिंदर. पैसे मंजूर करणाऱ्या साहेबांनी एकच विचारलं, "वाघ?" मुळशीत वाघ कुठला? मग पैसेही नाहीत. आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. 2018च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले, जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघाचे 76,651 आणि बिबट्याचे 51,777. मोठं काम आहे, माझा सलाम. पण पेपरात आकडा आला तो वाघांचा, 2,967. बाकी कोट्यवधी फोटोंबद्दल कुणी आम्हाला चहाच्या टपरीवरसुद्धा विचारलं नाही.

तर पुढच्या पावसाळ्यात, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, मी धनगरवाड्यावरच्या एका मामांना उगाच फोटो दाखवत बसलो होतो. चुकून 'रिकामे' फोल्डर उघडला गेला. मामांनी माझा हात धरला. "थांबा. पिसोरी हाये ती. पाय बघा, पेन्सिलीवानी." फोटोच्या कोपऱ्यात मागचे दोन पाय आणि अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची अर्धी ओळ. हरणासारखा दिसणारा तीन-चार किलोचा लाजाळू जीव, रात्री फिरणारा. मी त्याला गवत म्हणून मोकळा झालो होतो.

आता तुमच्या हाती असे फोटो चाळून देणारी संगणकी यंत्रं आहेत. 'मेगाडिटेक्टर' प्राणी, माणूस, वाहन एवढं वेगळं करून देतो. गूगलनं 2025 साली खुलं केलेलं 'स्पीशीजनेट' नावही सुचवतं, आणि खात्री नसली की 'सस्तन प्राणी' म्हणून थांबतं. हा शहाणपणा मला फार उशिरा आला. माझे महिने ही यंत्रं काही तासांत उरकतात. जरूर वापरा. पण 2018 सालीच अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की ओळखीच्या जागी हुशार असलेलं यंत्र नव्या जागी गडबडतं, कारण त्यानं प्राण्याबरोबर मागची झाडंझुडपंही पाठ केलेली असतात. आपल्या कारवीतली, धुक्यातली पिसोरी त्याला कोण शिकवणार? आणि वाघाटी? कुणी एका रानमांजराला वाघाटी म्हणतं, कुणी दुसऱ्याला. यावरून आम्ही तिघा अभ्यासकांनी एक अख्खी रात्र वाद घातलाय. गुरुजीच भांडत बसले तर यंत्र बिचारं काय शिकणार?

म्हणून एवढंच, आणि हे मी हट्टानं सांगतो: यंत्रानं 'रिकामा' म्हटलेल्या ढिगातले शंभरातले पाच तरी फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या जंगलात वाढलेल्या माणसाला शेजारी बसवून बघा. आणि त्या माणसाचं नाव अहवालात छापा. मामांचं मी छापलं नव्हतं.

देवराईतले ते सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर माझ्या कपाटात आहेत. निम्मे अजून नीट बघितलेले नाहीत. कुणाला यायचं असेल तर पावसाळ्याआधी या, इथल्या दमट हवेत कपाटातही बुरशी धरते. चहा माझ्याकडे.