दूध देते की काढतो?



साहित्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे आणि माणूसच राहणार, असं सकाळी आपल्या या शिक्षक-लेखकांच्या संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं गेलं. टाळ्याही भरपूर पडल्या. मला ते मान्य नाही. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून सगळ्यांना बरं वाटेल असं बोलायचं आणि वेळ मारून न्यायची, हे मला जमणार नाही. म्हणून आधी विरोध नोंदवते, मग कारणं सांगते.

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. चौथीच्या चाचणीत एक प्रश्न ठरलेला असायचा : पाळीव प्राण्यांचे उपयोग लिहा. गाय दूध देते, बैल शेतीच्या कामी येतो, मेंढी लोकर देते, कोंबडी अंडी देते, कुत्रा राखण करतो. पाच ओळी, पाच गुण. एका वर्षी एका मेंढपाळाच्या मुलीने लिहिलं, शेळी दूध देत नाही, करडू प्यालं की उरलेलं आई काढते, कधी शेळी चोरते. मी तिच्या उत्तरावर लाल रेघ ओढली, शून्य गुण दिले आणि शेजारी लिहिलं, प्रश्न नीट वाच. दिवाळीनंतर त्यांचा वाडा कोकणात उतरला. पावसाळ्याच्या तोंडावर मंडळी परत आली, मुलगी पुन्हा चौथीत बसली आणि या खेपेला तिने त्याच पाच ओळी सुवाच्य अक्षरात लिहून दाखवल्या. मी तिला पाचपैकी पाच दिले. शेळीबद्दल तिला जे ठाऊक होतं ते विसरण्याचे ते गुण होते, हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

‘देते’ हे क्रियापद घ्या. गोठ्यात धार काढायला बसलेली बाई ते वापरत नाही. ती म्हणते, गाय पान्हवली. म्हणते, आज पान्हा चोरला. म्हणते, हात लावू देईना. वासरू आधी सडाला लावावं लागतं, मग पान्हा सुटतो, मग वासराला ओढून खुंट्याला बांधायचं आणि धार काढायची. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे, गाईपुढे उभं करायचं. ती ते चाटत राहते आणि खाली चरवी भरते. हे मी लहानपणी आमच्या गोठ्यात पाहिलं आहे. पेंढ्याच्या पोटावरून फिरणारी ती खरखरीत जीभ आणि तिचा आवाज मला अजून आठवतो. ज्या भाषेला ‘पान्हा चोरणं’ ठाऊक आहे त्या भाषेला जनावराला मन असतं हे ठाऊक आहे, नकार असतो हेही ठाऊक आहे. ते मन पाठ्यपुस्तकाने एका ‘देते’मध्ये पुसून टाकलं. जे आपण काढून घेतो ते समोरच्याने दिलं असं म्हणायची सवय नवव्या वर्षी लागली की ती जनावरापाशी थांबत नाही. जंगल लाकूड देतं, नदी पाणी देते, आदिवासी जमीन देतात, ऊसतोड मजूर श्रम देतात. कुणी काही घेतलंच नाही!

आपल्या भाषेत वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, पाडस, पिल्लू ही सगळी नपुंसकलिंगी. आणि माणसाचं मूलही नपुंसकलिंगी. ते रडतं, ते पितं, ते झोपतं. व्याकरणाने या सगळ्यांना एका पंगतीला बसवलं होतं. वेगळं ताट मांडलं ते शाळेने.

आता सकाळपासून ज्याची चर्चा चालली आहे त्या माणसाकडे येते. केंद्रस्थानी माणूस म्हणता, तर कोणता माणूस?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती. त्याला कुणाची हरकत नव्हती. १९२३ सालीच मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही तळ्यावर अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला मज्जाव होता. सत्याग्रहानंतर तळं बाटलं म्हणून ओरड झाली आणि ते शुद्ध करायला १०८ घागरी पाणी उपसून त्यात पंचगव्य ओतलं गेलं. गाईचं शेण आणि गोमूत्र पवित्र, माणसाची ओंजळ अपवित्र! तळ्याचा कायदेशीर निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

म्हणून मला विचारलं जातं, बाई, जनावरांची बाजू घेता, मग इथे माणसालाच जनावराखाली ठेवलं गेलं त्याचं काय? हा प्रश्न विचारायचा हक्क ज्यांनी कमावला आहे त्यांनी तो जरूर विचारावा. गाईचं नाव घेऊन माणसाच्या अंगावर जाणारी मंडळी आजही आहेत. त्यांच्या पंगतीला मी बसलेली नाही आणि बसणार नाही. पण महाडने मला शिकवलं ते असं : तिथे जनावर वर चढलं नव्हतं. तिथे एक शिडी होती. कोणी कोणत्या पायरीवर उभं राहायचं ते शिडीच्या मालकांनी ठरवलं होतं. गाय वरच्या पायरीवर, गाढव आणि डुक्कर खालच्या पायरीवर, आणि त्या जनावरांबरोबर राबणारी, मेलेलं ढोर ओढणारी माणसं सर्वांत खाली. डुकराचा तिरस्कार आणि डुक्कर पाळणाऱ्याचा तिरस्कार हे एकाच पोटातून आले आहेत. ही शिडी तशीच ठेवून एकेका जातीला एकेक पायरी वर घेण्याचे हिशेब आपण किती दिवस करणार? मला शिडीच नको आहे.

जगभर गेली पन्नासेक वर्षं या शिडीवर नेटाने अभ्यास चालू आहे. १९७० साली ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड रायडर यांनी ‘स्पीशिझम’ हा शब्द काढला. वंशभेद, तसा हा प्रजातिभेद. १९७५ मध्ये पीटर सिंगर यांचं ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ आलं. जमैकाच्या विचारवंत सिल्व्हिया विंटर यांनी तर मुळावरच घाव घातला. ज्याला ‘मानव’ म्हणून जगासमोर मांडलं गेलं तो युरोपातला एका विशिष्ट वर्गाचा, विशिष्ट वर्णाचा पुरुष होता आणि त्यालाच अख्खी मानवजात समजण्यात आलं, असं त्यांचं म्हणणं. महाडचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे समजून घ्यायला विंटर लागत नाहीत. तरी त्या वाचाव्यात, कारण आपल्या दुखण्याची नाडी दुसऱ्या देशातही तशीच लागते हे कळतं.

माझं भांडण आपल्या विद्यापीठांतल्या मंडळींशी आहे. ‘मानवोत्तरवाद’, म्हणजे माणूस केंद्रस्थानी न मानणारा विचार, या विषयावर चर्चासत्रं होतात, निबंध वाचले जातात, पदोन्नतीचे गुण जमा होतात. त्या निबंधांत मला एकही शेळी दिसत नाही. ज्याने आयुष्यात गाभण म्हशीच्या पोटाला हात लावला नाही तो मानव आणि मानवेतर यांच्या सीमारेषांवर चाळीस पानं लिहितो आणि ती समजायला आणखी चाळीस पानं लागतात. हा अभ्यास मराठीत यायचा असेल तर तो गोठ्यातून, खुराड्यातून आणि मेंढवाड्यातून यायला हवा. शब्द आपल्याकडे तयार आहेत.

आता घराजवळचं बोलते. आमच्या जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. तो कुठून तरी चालून आला असं आपण समजतो. आज उसात दिसणारे कितीतरी बिबटे उसातच जन्मलेले आहेत. तोडणी चालू असताना फडात बछडे सापडतात, ते तिथेच ठेवले की रात्री आई येऊन तोंडात धरून घेऊन जाते. या बछड्यांनी डोंगर पाहिलेला नाही. पण वर्तमानपत्रात छापून येतं, बिबट्याची घुसखोरी. ज्याचा जन्म इथला तो घुसखोर कसा?

माणूस केंद्रस्थानी ठेवून आपण याच्यावर उपाय केला. पकडा आणि लांब नेऊन सोडा. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाचा हिशेब मांडला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मग २९ बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. हल्ले कमी झाले नाहीत, चौपटीवर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. बिबट्याला त्याचा मुलूख असतो, ओळखीच्या वाटा असतात, परक्या रानात टाकला की तो बिथरतो, हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. माणसाचंच हित पाहायचं म्हणून आखलेल्या योजनेत माणसंच जास्त मेली. मानवकेंद्री विचार जनावरावर अन्याय करतो म्हणून तो वाईट, एवढंच माझं म्हणणं नाही. तो माणसालाही वाचवू शकत नाही.

आणि मरतं कोण? उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, बिनदाराच्या घरात झोपलेलं मूल. त्या आईसमोर उभं राहून प्राण्यांच्या हक्काचं प्रवचन देणाऱ्याला मी माझ्या दारात उभं करणार नाही. पण तिच्या कोपीला दार नाही, उजेड नाही, शौचाला पहाटे उसाच्या कडेला जावं लागतं, हे बिबट्याने केलेलं नाही. तिला दार द्या म्हटलं की पैसे नसतात, पिंजरे लावा म्हटलं की ते दुसऱ्या दिवशी येतात. केंद्रस्थानी माणूस आहे म्हणता ना? मग ही बाई त्या केंद्रापासून किती कोस लांब राहते ते मोजा.

आमच्याच डोंगरात, अकोले-जुन्नरच्या पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर मंडळी अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. खाली पांढरीत त्याच तिथीला वसुबारस असते. खाली गाईची पूजा आणि वर तिला खाणाऱ्या वाघाची, एकाच दिवशी! मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेच्या आसपास स्थानं अभ्यासकांनी नोंदली आहेत. वारली माणूस वाघोबाला नवस करतो तेव्हा वाघ गुरं नेणार नाही अशा भ्रमात तो नसतो. शेजारी राहायचं तर देणं-घेणं ठरवून राहावं लागतं, हे तो जाणतो. फेब्रुवारी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात काकाडूच्या पाणथळीत व्हॅल प्लमवुड या तत्त्वचिंतक बाईंना मगरीने पकडून तीनदा पाण्याखाली घुसळलं. त्या वाचल्या. मगरीला मारायला निघालेल्यांना त्यांनी विरोध केला आणि आपणही कुणाचं तरी अन्न असू शकतो या एका जाणिवेवर पुढे आयुष्यभर लिहीत राहिल्या. ही जाणीव वाघबारशीला शेंदूर लावणाऱ्या गुराख्याकडे कायम होती. त्याला आपण अडाणी म्हणून शाळेत बसवलं आणि वाघाचे उपयोग विचारले.

साहित्याचंही एवढंच सांगते. व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिलं, त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हापासून ती माणसांच्या राजकारणाची रूपककथा आहे असं सांगणारे मला भेटत आले आहेत. एक लेखक दिवसच्या दिवस वानरांच्या मागे हिंडला, त्यांच्या सवयी टिपल्या, आणि आपण म्हणतो, तो खरं तर आपल्याबद्दलच बोलत होता! मारुती चितमपल्लींना २००६ मध्ये सोलापूरच्या संमेलनाचं अध्यक्षपद दिलं, त्यांचा सत्कार केला, आणि त्यांनी कातकरी, पारधी, गोंड माणसांच्या तोंडून जमा केलेले जंगलाचे शब्द आजही आपल्या मराठीच्या वर्गात येत नाहीत. तुकोबांचा एक अभंग तेवढा प्रत्येक वृक्षारोपणाला म्हटला जातो. तो मी आज म्हणणार नाही.

हे बदलता येत नाही असं मला कुणी सांगू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या भागात कुरणशाळा चालवल्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत. गुरं सोडून ये, मग तुला माणसात घेतो, असं त्या बायांनी मुलांना म्हटलं नाही. आम्ही म्हटलं. आणि आता बारावीचं पोर पर्यावरणाची प्रकल्पवही दुकानातून तयार विकत आणतं, तिला गुणही मिळतात, आणि त्याच पोराच्या घरी गाय आजारी पडली तर तिच्या डोळ्यांकडे पाहून ताप ओळखणारी आजी निरक्षर म्हणून कोपऱ्यात बसलेली असते.

कायद्याची गोष्ट एका वाक्यात सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागवलं तर १९६० च्या कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. त्या किमान दंडात आज या मंडपाबाहेर एक वडापावही धड येत नाही.

संमेलनाचे ठराव थोड्या वेळाने मांडले जातील. त्यांत सभागृहाचं, रस्त्याचं, अनुदानाचं सगळं आहे आणि ते असावं. त्यात मी माझा एक ठराव जोडते आहे. या तालुक्यात चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढणारे शिक्षक इथेच बसलेले आहेत, त्यामुळे त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. ठराव असा : येत्या वर्षापासून या तालुक्यातल्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत ‘प्राण्यांचे उपयोग लिहा’ हा प्रश्न असणार नाही, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला महिन्यातून एकदा तरी गावातला मेंढपाळ, गुराखी, कोंबड्या पाळणारी बाई किंवा पाणकोळी फळ्यासमोर शिकवायला उभा राहील, त्याच्या बोलीत, आणि शिक्षक मुलांमध्ये बसून ऐकतील.

सूचक मी आहे. मला अनुमोदक हवा. ज्यांनी कधी लाल रेघ ओढली असेल त्यांनी आधी हात वर करावा.