दात काढण्यापूर्वी



माझ्या धाकट्या जावेच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. दाढ काढायला गेली, तर ते सांगेचना. "दाढेचा नि काळजाचा काय संबंध?" म्हणे. मीच बोलले, तेव्हा डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

संबंध आहे, भगिनींनो! दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात व अशा झडपेवर ठाण मांडू शकतात. तो आजार जिवावर बेततो. म्हणून अर्धा-एक तास आधी बहुधा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच देतात. सर्वच हृदयरोग्यांना नव्हे. कृत्रिम झडप असलेल्या, पूर्वी तो आजार झालेल्या, अशा मोजक्यांनाच. पेनिसिलिन सोसत नसल्यास आधी सांगावे. मनाने मात्र गोळी घेऊ नये.

दात रोज स्वच्छ ठेवा, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका, एवढीच विनंती.