रेघ कोण ओढतो?



आयुष्यभर साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत आलेल्या होमिओपॅथिक डॉक्टराला या व्याख्यानमालेत अमेरिकेच्या राजकारणावर का बोलायला लावले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राजधानी राले शहराजवळ राहते. 2024 साली मी चार महिने तिच्याकडे होतो आणि ते नेमके निवडणुकीचे दिवस होते. राज्यशास्त्राचा माझा अभ्यास नाही. समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय तेवढी आहे, आणि त्या चार महिन्यांत दोन्ही पक्षांच्या माणसांकडून मी एकच तक्रार ऐकली: एवढ्या मोठ्या देशात आमच्यापुढे ठेवायला हीच माणसे मिळाली का?

घरातही तेच. मुलगी एका बाजूची, जावई दुसऱ्या बाजूचे. रात्रीच्या जेवणाला राजकारण काढायचे नाही असा त्यांनी नियम केला होता. तो दर दोन दिवसांनी मोडायचा. आम्हा जैनांना अनेकान्त लहानपणापासून पाठ असतो, पण त्या टेबलावर तो माझ्याही उपयोगी पडला नाही. मी मुकाट्याने ताक पीत बसायचो.

आमच्या शास्त्रात रोग्याची तक्रार नुसती लिहून घेऊन भागत नाही. ती कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे विचारावे लागते. अमेरिकेतल्या या तक्रारीला मी तोच प्रश्न लावून पाहिला.

शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत. मतदार यादीत त्यांच्या नावापुढे कोणताच पक्ष नव्हता. तिकडे मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्ष सांगता येतो, आणि त्या राज्यात आता कुठल्याही एका पक्षाच्या मतदारांपेक्षा असे पक्ष न सांगणारेच जास्त आहेत. मास्तर म्हणाले, "डॉक्टर, खरी निवडणूक मार्चमध्येच होऊन गेली. नोव्हेंबरात आम्ही सही करतो."

मार्चमध्ये होते ती पक्षांतर्गत निवडणूक. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येते, तिकडे ते मतदार देतात. वर्तमानपत्रात वाचून मला या पद्धतीचा हेवा वाटत असे. आता मास्तरांचा हिशेब ऐका. 2024च्या मार्चमध्ये त्या राज्यात चार मतदारांतला साधारण एक मतदानाला गेला. नोव्हेंबरात चारांतले तीन गेले. जो एक मार्चमध्ये जातो, तो बहुधा पक्षाचा कडवा माणूस. उमेदवाराला आधी त्याची मर्जी राखावी लागते. दुसऱ्या पक्षाशी जुळवून घेऊन एखादे विधेयक पार पाडले, तर तो कडवा मतदार पुढच्या मार्चमध्ये त्याला घरी बसवतो. म्हणून तो जुळवून घेत नाही. मग अंदाजपत्रक अडते आणि सरकारी कचेऱ्या बंद पडतात. 2018-19च्या हिवाळ्यात त्या 35 दिवस बंद होत्या, 2025 साली 43 दिवस. कर्मचारी बिनपगारी घरी, किंवा बिनपगारी कामावर.

पण नोव्हेंबरात उरलेले तीन मतदार येतात, ते असल्या उमेदवाराला का पाडत नाहीत? इथे मास्तर उठले आणि घरातून एक नकाशा घेऊन आले.

केंद्रीय प्रतिनिधिगृहात 435 सदस्य असतात. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतात, आणि बहुतेक राज्यांत हे काम राज्याच्या विधिमंडळाकडे असते. म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्या हातात पेन्सिल. विरोधकांची मते दोन-चार मतदारसंघांत कोंबायची, उरलेली इतकी पातळ पसरायची की ती कुठेच पुरी पडू नयेत. याला तिकडे गेरीमँडर म्हणतात. 1812 साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या आखणीत एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा निघाला, त्यावरून हा शब्द आला.

नॉर्थ कॅरोलायनात हा खेळ दोन्ही पक्षांनी खेळला आहे. 1990च्या दशकात डेमोक्रॅटांनी महामार्गाच्या कडेकडेने लांबच लांब जाणारा मतदारसंघ आखला होता. मोटारीची दोन्ही दारे उघडी टाकून त्या रस्त्याने गेलात तर बहुतेक मतदार चिरडाल, असा विनोद तेव्हा चाले. पुढे रिपब्लिकनांच्या हाती सत्ता आली. 2016च्या त्यांच्या नकाशात ग्रीन्सबरो इथल्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या, जुन्या विद्यापीठाच्या आवारातूनच रेघ गेली आणि एकाच आवारातली मुले दोन मतदारसंघांत विभागली गेली. त्या वर्षी रिपब्लिकनांना राज्यात निम्म्याहून थोडी अधिक मते पडली आणि 13 पैकी 10 जागा मिळाल्या.

लोक न्यायालयात गेले. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षाच्या फायद्यासाठी केलेली आखणी हा केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नव्हे. मग प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथले न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात! 2022च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅट न्यायाधीशांचे बहुमत होते, नकाशा रद्द झाला. न्यायालयाच्या देखरेखीखाली नवा नकाशा आला आणि दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत न्यायालयातले बहुमत रिपब्लिकनांकडे गेले. 2023च्या एप्रिलमध्ये त्याच प्रकरणात त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. रोगी तोच, रिपोर्ट तेच, फक्त खुर्चीवरचा डॉक्टर बदलला. माझ्या दवाखान्यात असे झाले असते तर लोकांनी पाटी काढायला लावली असती. 2024ची निवडणूक पुन्हा नव्या नकाशावर झाली: दहा जागा एका पक्षाला, चार दुसऱ्याला.

आणि याच राज्यातल्या मतदारांनी त्याच दिवशी काय केले पाहा. अध्यक्षपदासाठी राज्य ट्रम्प यांना दिले आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना भक्कम मतांनी निवडले. म्हणजे शेकडो हजारो लोकांनी एकाच कागदावर दोन पक्षांना मत दिले. गव्हर्नर सगळ्या राज्याचा असतो. तिथे रेघ ओढता येत नाही.

मी परत आल्यावर प्रकरण आणखी बिघडले. 2025 साली ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्ससने दहा वर्षांची वाट न पाहता, पाच जागा वाढवण्याच्या हिशेबाने नकाशा बदलला. मला खरे वाईट वाटले ते कॅलिफोर्नियाचे. त्या राज्याने ही पेन्सिल पुढाऱ्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिली होती. टेक्ससला उत्तर म्हणून तिथल्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये तो आयोगाचा नकाशा काही निवडणुकांपुरता बाजूला ठेवला आणि पक्षाच्या सोयीचा नकाशा स्वीकारला. मला फोनवर हे मुलीनेच सांगितले. "त्यांनी केलं म्हणून आपण करायचं का, अप्पा?" असे ती विचारत होती, आणि ते तिच्याच पक्षाचे काम होते. मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही.

बेळगावकरांना रेघ काय करते हे मी काय सांगावे? 1956च्या नोव्हेंबरात आपली शेते, देवळे, बाजार जागच्या जागी राहिले आणि राज्य बदलले. खटला 2004पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण लोकसभेच्या मतदारसंघांची हद्द ठरवताना आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आयोग बसतो. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताचा अधिकार नसतो. आपल्या निवडणुकांना हजार दुखणी असतील, पण एवढे अवयव अजून शाबूत आहे. त्याची किंमत मला तिकडे जाऊन कळली.

मुलीने पहिल्यांदाच मत दिले तो दिवस सांगतो आणि थांबतो. मुदतीआधीचे मतदान होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ती बऱ्याच वेळाने आली, कोटावर "मी मत दिले" असे छापलेली चिकटपट्टी. एवढा वेळ का लागला, विचारले. कागद मोठा होता म्हणाली. अध्यक्ष, गव्हर्नर, न्यायाधीश, अगदी माती-पाण्याच्या मंडळाचा सदस्यसुद्धा. प्रतिनिधिगृहाच्या रकान्यात एक क्षणही गेला नाही, तिथला निकाल तिला घरून निघतानाच ठाऊक होता.

"मग वेळ कुठे गेला?"

"शाळा मंडळाला. तिथे नावापुढे पक्ष छापलेला नसतो, अप्पा. कोण काय म्हणतंय ते आदल्या रात्री वाचून गेले होते, तरी उभी राहून पुन्हा विचार करावा लागला."