शर्ट त्यांच्या मांडवात, रुई आपली

(देवगाव फाटा येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



गावात यात्रा भरायची म्हटली की आठ दिवस आधी रस्ता झाडतात, देवळाला चुना लावतात, दुकानांच्या जागा आखतात. शहराचीही यात्रा असते. तिला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन म्हणतात. तिथला देव म्हणजे परदेशी गुंतवणूकदार.

मुंबईने अशी यात्रा २०१६ साली भरवली. नाव 'मेक इन इंडिया सप्ताह', १३ ते १८ फेब्रुवारी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मांडव पडले. स्वीडन आणि फिनलंडचे पंतप्रधान आले. गिरगाव चौपाटीवरच्या कार्यक्रमाला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तर सरकार तडक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परवानगी घेऊन आले. १४ तारखेला त्याच व्यासपीठाला आग लागली. कोणी दगावले नाही, म्हणून आगीचे सोडून देऊ. मला त्या धावपळीचे सांगायचे आहे. मनात आणले तर सरकार किती वेगाने पळू शकते, ते तेव्हा दिसले.

आता दुसरी बाजू. मांडव उठले १८ फेब्रुवारीला. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून आगगाडी पाणी घेऊन लातूरला पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. गाडी आली याचे समाधान आहेच. पण पावसाळा कोरडा गेल्याचे सप्टेंबरातच सगळ्यांना कळले होते. पाहुण्यांची तयारी महिनोन्‌महिने आधी, आणि तहानेची तयारी घसा कोरडा पडल्यावर?

मी प्रदर्शनांच्या विरोधात नाही. शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे, नवे यंत्र दिसले की पाय आपोआप तिकडे वळतात. कपाशीवर चालणारी डबल रोलर जिनिंग यंत्रे आपल्या नागपुरात बनतात आणि आफ्रिकेत विकली जातात. असा माल जगाला दाखवलाच पाहिजे. पण मांडवात काय टांगले आणि काय झाकले, हे बघायची सवय आपण लावून घेऊ.

त्या सप्ताहात वस्त्रोद्योगालाही जागा होती. एका सुती शर्टाला पाव किलोच्या आसपास रुई लागते. एक क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, म्हणजे साधारण १३० शर्ट. २०१५-१६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,१०० रुपये. भागाकार करा. शर्टामागे आपल्या पदरी एकतीस-बत्तीस रुपये, सरकीची किंमतही त्यातच आली. बियाणे, खत, फवारणी, वेचणी याच एकतीस रुपयांतून. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० धरला तरी बासष्टच्या वर जात नाही. दिवाळीला लेकराला शर्ट घेताना किती मोजता, ते तुम्हीच मनात आणा. मधला पैसा सूतगिरणी, माग, रंगाई, शिलाई आणि दुकानात आहे. तो कमावणारी गिरणी कापसाच्या गावी यावी, एवढेच मागणे.

ही गोष्ट आजची नाही. १८५१ मध्ये लंडनला काचेच्या महालात मोठे प्रदर्शन भरले, साठ लाख लोकांनी पाहिले. पुढे १८६६ मध्ये फोर्ब्ज वॉटसन नावाच्या साहेबाने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच केले. त्यांतले १३ विलायतेत ठेवले, तिथल्या गिरणीवाल्यांना आपल्या पसंतीचे कापड विणता यावे म्हणून. प्रदर्शन आपल्या मालाचे, धंदा त्यांचा.

मुंबईच्या त्या सप्ताहाअखेर महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ८ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार आल्याचे जाहीर झाले. आता आपला बाजार आठवा. बोली लागते, सौदा होतो, काटा होतो, काटापट्टी हातात पडते, मग पैसा. सामंजस्य करार ही अजून बोलीसुद्धा नव्हे. 'बघू, घेऊ' म्हणणारा व्यापारी मानवतच्या मोंढ्यात रोज भेटतो, त्याच्या भरवशावर कोणी गाडी रिकामी करत नाही. सगळेच हवेत गेले असेही मी म्हणणार नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाचे कारखाने उभे आहेत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. पण परभणी जिल्ह्याच्या कापसाला त्या करारांतून काय मिळाले, हे सरकारने कागदावर सांगावे.

म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा. उद्योग विभागाला प्रश्न एकच: २०१६ च्या सप्ताहात झालेल्या वस्त्रोद्योगाच्या करारांपैकी परभणी जिल्ह्यात किती उद्योग प्रत्यक्ष सुरू झाले, कुठे? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. नमुना कार्यकर्त्यांकडे आहे. जेवणाच्या सुट्टीत सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, प्रत्येक तालुक्यातून दोघांनी नावे द्यावीत. एक नाव बाईचे असावे. वेचणीचा हिशोब त्यांच्याइतका कोणाला पाठ नाही. दुसऱ्या वेचणीच्या आत अर्ज टपालात पडले पाहिजेत.